हो झिझेन : लग्नाआधीची आणि नंतरची

वाचकहो, माओ त्से-तुंगच्या चरित्रांत हो झिझेन हे नाव बहुधा ‘तिसरी पत्नी’ म्हणून येते आणि लवकरच मागे पडते. तिची ओळख एवढीच नव्हती, हे आज तुमच्यापुढे मांडावेसे वाटते.

च्यांगशी प्रांतातील ही मुलगी १९२६ मध्ये कम्युनिस्ट पक्षात आली, तेव्हा माओशी तिची ओळखही नव्हती. पुढच्या वर्षी युंगशिनच्या उठावात ती होती. माओशी लग्न झाले १९२८ मध्ये, वयाची विशी उलटण्याआधी. माओची आधीची पत्नी यांग काइहुई तेव्हा हयात होती.

ऑक्टोबर १९३४ मध्ये ‘लाँग मार्च’ सुरू झाला. माओच्या सैन्याबरोबर निघालेल्या स्त्रिया जेमतेम तीस. झिझेनने दोनेक वर्षांचा मुलगा मागे ठेवला. वाटेत मुलगी झाली, तीही खेडुतांच्या हवाली केली. पुन्हा त्या मुलांची भेट झाली नाही. १९३५ मध्ये विमानहल्ल्यात तिच्या अंगात घुसलेले बाँबचे काही तुकडे कायमचे आतच राहिले.

पतीशी खटके उडू लागल्यावर १९३७ मध्ये तिने येनान सोडले आणि ती मॉस्कोला गेली. तिथे जन्मलेला मुलगा न्यूमोनियाने दगावला. इकडे माओने च्यांग चिंगशी संसार मांडला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ मध्ये येनानला पोहोचले, तेव्हा माओच्या घरात च्यांग चिंग होती. पुढे रशियात झिझेनला मनोरुग्णालयात डांबण्यात आले.

१९४७ मध्ये ती मायदेशी परतली. मुलगी ली मिन बीजिंगला वडिलांकडे गेली, झिझेन मात्र शांघायमध्ये राहिली. १९५९ मध्ये लूशान येथे माओशी तिची एकदा भेट झाली. माओच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, तिला राष्ट्रीय सल्लागार परिषदेचे सदस्यत्व मिळाले. तोवर ती चाकाच्या खुर्चीवर होती. १९८४ मध्ये ती गेली.

पक्षाने तिचे स्थान लग्नावरून मोजले. लग्न मोडले, तसे स्थानही गेले. इथे वाढलेल्या तरुण वाचकांनो, चरित्रात ‘पत्नी’ एवढाच उल्लेख दिसला, तर त्या बाईची लग्नाआधीची वर्षे जरूर शोधा. झिझेनच्या बाबतीत ती १९२६ पासून मोजावी लागतात.