गल्ल्यातली लखी

आजोळी किराणा दुकान होतं तेव्हा गल्ल्यात लाल फडक्यात बांधलेलं एक तांब्याचं नाणं असायचं. दुकान बंद झालं आणि ते देव्हाऱ्यात आलं. आजी त्याला 'लखी' म्हणते. मामाच्या मते ते घासून गेलेलं, कुणीतरी उगाच ठोकलेलं नाणं आहे. भंगारात घाला म्हणतो.

गेल्या दिवाळीत मी ते मोबाइलच्या टॉर्चखाली धरलं. ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, १८३५ चा. एका बाजूला ढाल आणि दोन सिंह, पार झिजलेले. दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत 'पाव आणा' असं इंग्रजीत लिहिलेलं हवं. तिथेही सिंहच होते, पण खोलगट आणि आरशातल्यासारखे उलटे.

१८३५ मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या इलाख्यांसाठी एकसारखी नाणी सुरू केली. मुंबईत फोर्टातल्या टांकसाळीत तेव्हा वाफेवरची यंत्रं होती. वर एक ठसा, खाली एक, मध्ये कोरी चकती, की दाब. कधीकधी तयार नाणं बाहेर न पडता एका ठशालाच चिकटून बसायचं. मग पुढच्या चकतीवर एका बाजूने खरा ठसा उमटणार आणि दुसऱ्या बाजूने ते चिकटलेलं नाणंच रुतणार. यंत्राच्या वेगात हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. अशा नाण्याला आपल्याकडचे संग्राहक लखी म्हणतात.

हातोड्याच्या काळात 'चूक' ठरवणंच अवघड. शिवराईवर 'श्री राजा शिव' पूर्ण दिसलं तर नशीब म्हणायचं. ठसा चकतीवर नीट मावायचा नाही, बाजूला सरकायचा, अक्षरं काठाबाहेर राहायची. ती अक्षरं झिजली नाहीत, त्या नाण्यावर कधी आलीच नाहीत. ऑनलाइन जाहिरातींत अशा शिवराईला 'दुर्मिळ एरर' म्हटलेलं दिसलं की हसू येतं.

हसू येतं म्हणतोय खरं, पण मीही फसलोय. आजीचं नाणं पाहिल्यावर डोक्यात भूत शिरलं आणि जुन्या बाजारातून दीड हजाराला एक 'लखी' आणली. तीही १८३५ चीच, सिंह ठळक. घरी दोन्ही शेजारी ठेवली. वजनकाट्यावर माझं ६.४ ग्रॅम, आजीचं ६.१. पाव आण्याचं ठरलेलं वजन १०० ग्रेन, म्हणजे साधारण ६.४८ ग्रॅम. मी खूश झालो. दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला: दोन नाणी व्हाइसमध्ये धरून आवळली तर वजन कुठे कमी होतं? काटा कापलेलं किंवा कानशीने घासलेलं नाणं पकडेल. दाबलेलं नाही पकडणार.

मग भिंग घेतलं. माझ्या नाण्यावर खोलगट सिंहांच्या खाली वेलीची पानं दिसत होती, चेपलेली पण शाबूत. म्हणजे आधी पाव आणा पूर्ण छापला गेला आणि नंतर कुणीतरी त्यावर दुसरं नाणं दाबलं. आम्ही कोडमध्ये बग शोधताना आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच लॉगमध्ये बघतो. इथे तो लॉग तांब्यात होता. उठावाच्या बाजूचे सिंह वरून सपाट, चकचकीत. हातोहात फिरून झिजलेला सिंह असा नसतो. तो गोलसर होतो, साबणाच्या वडीसारखा.

आजीच्या नाण्यावर पानाची एक रेघही नव्हती. त्या बाजूला वेल कधी उमटलीच नाही. आणि एक गंमत म्हणजे उठावाचे सिंह जवळजवळ पुसले गेलेत, पण खोलगट सिंहांची आयाळ अजून दिसते. बोटं, खिसे, गल्ल्यातली बाकीची नाणी हे सगळं उंच भागाला घासतं, खळग्यात पोचत नाही. म्हणजे खोलगट चित्र झीज सुरू होण्याआधीपासून तिथे आहे.

हे सगळं मी मामाला सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "मग किती येतील?" आजीने नाणं फडक्यात बांधलं, दोन गाठी मारल्या आणि मला म्हणाली, "एवढं बघितलंस ते ठीक. पण चिंच लावून घासलं तर नाहीस ना?"

नाही घासलं, आजी.