मेणवली : दोन दरबारांमधले गाव

वाईहून धोमच्या रस्त्याला लागले की तीनेक किलोमीटरवर मेणवली येते. दोन्ही अंगांना ऊस आणि हळद, उत्तरेला पांडवगड, दक्षिणेला पाचगणीचे पठार, पश्चिमेला कमळगड, मधून कृष्णा. येणारे बहुतेक जण दोन गोष्टी पाहतात. एक, चित्रपटांमुळे ओळखीचा झालेला घाट. दुसरी, मेणेश्वराजवळची पोर्तुगीज घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण.

मी एक जुना प्रश्न घेऊन गेलो होतो. नाना फडणीस मूळचे कोकणातल्या वेळासच्या भानू घराण्यातले, आणि कारभार पुण्याचा. मग सहा चौकांचा वाडा, घाट आणि देवळे त्यांनी इथे का उभारली? १७६८ मध्ये गाव इनाम मिळाले, हे नेहमीचे उत्तर. पण इनामे पुष्कळांना मिळाली. मिळाल्या ठिकाणी प्रत्येकाने काही असा वाडा बांधला नाही.

घाटावर उभे राहून चारी दिशा पाहिल्या, तेव्हा मला एक उत्तर सुचले. इथून सातारा साधारण पस्तीस किलोमीटर, पुणे नव्वदच्या आसपास. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत. सत्ता पुण्यात चाले. ज्याला दोन्ही दरबार सांभाळायचे, त्याला ही जागा सोयीची. शिवाय पश्चिमेचा सह्याद्री उतरला की महाड, रायगड आणि आपले कोकण.

पुढे हेच खोरे नानांच्या वाटेत आले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि वारसाचा तंटा पेटला. पुण्यात राहणे धोक्याचे झाले, तेव्हा नाना पुरंदर, सातारा करीत वाईला आले. इथेही पकडले जाण्याची धास्ती वाटताच घाट उतरून महाडला गेले. तिथे बसून त्यांनी शिंदे, निजाम, भोसले यांना एकेक करून वळवले, आणि १७९६ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवून पुन्हा कारभार हाती घेतला. इतिहासात हे ‘महाडचे कारस्थान’. त्याची वाट या खोऱ्यातून गेली, हे मी अनेकदा वाचले होते. कळले ते इथे आल्यावर.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मेणवलीतले त्यांचे दप्तर पुढे रावबहादूर द. ब. पारसनीसांनी मिळवले. त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद गावाबाहेर गेले म्हणून वाचले, हे मान्य करावेच लागते.

आमच्या घरची मोडी कागदांची दोन गाठोडी मी शाळेत असताना रद्दीत गेली. मोडी मी शिकलो त्यानंतर पंचवीस वर्षांनी, एका जुन्या पुस्तकावरून. त्या गाठोड्यांत काय होते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित नुसते शेतसाऱ्याचे हिशेब असतील. पण मोठ्यांची दप्तरे राज्याची हकीकत सांगतात. ऊस-हळदीच्या या रानात कोण राबले, कोणाचे पाणी कोणी अडवले, हे अशाच लहान गाठोड्यांत सापडते.

दिवाळीची साफसफाई नुकतीच झाली असेल. माळ्यावरून काही वाचता न येणारे खाली आले असेल, तर रद्दीवाला येण्याआधी ते मोडी जाणणाऱ्या कोणाला तरी दाखवा.