पागा नावाची शाळा

१/ वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलाला घोडा काय शिकवू शकेल? प्रश्न आजच्या विशेष शिक्षणाचा वाटतो. पण दख्खनच्या इतिहासात त्याला एक जुना संदर्भ आहे. त्याची सुरुवात आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून करता येते. #धागा

२/ खडकी या गावाच्या जागी मलिक अंबरने १६१० मध्ये निजामशाहीची राजधानी वसवली. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी मुत्सद्दी मोगलांच्या जड फौजेपुढे मराठा स्वारांची हलकी, चपळ पथके उभी करत असे. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत याच युद्धतंत्राने मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजेही होते.

३/ असे घोडदळ कसे बांधले जाई, याचे नेटके वर्णन शिवकाळासंबंधी सभासद बखरीत सापडते. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हिशेबासाठी मजमुदार व कारकून वेगळे.

४/ ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे. पागेत लेखन हे अनेक कसबांपैकी एक कसब होते. नालबंदाला नाल ठोकता यावा, पखालजीने पाणी वेळेवर पोचवावे, कारकुनाने जमाखर्च लिहावा. मोडी अक्षर वळणदार नाही, म्हणून स्वाराची मांड कच्ची ठरत नसे.

५/ पण पागेत शिक्षण नव्हते असे मात्र नाही. पावसाळ्यात फौज छावणीत परतत असे आणि दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघत असे. मधल्या काळात घोड्याची चंदी मोजून देणे, वैरण पुरवून वापरणे, खरारा करणे, खूर तपासणे, खोगिराने पाठ सोलली असल्यास वेळीच ओळखणे, ही कामे रोजची होती. मापे, अंदाज आणि वेळेचे भान हे सारे कामातूनच अंगी मुरत असे.

६/ चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना गेलेले शिवाजी महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-गवत आत्ताच उधळले तर ऐन पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील. दिवा उघडा ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेट घेतील, असे त्यात बजावले आहे. हुकूम आहे, आणि शेजारीच त्याचे कारणही आहे. कार्यकारणाचा धडा डोळ्यांसमोरच्या वस्तूंवरून दिलेला आहे.

७/ या चित्राला भाबडा रंग देऊ नये. पागा युद्धासाठी होती. दुर्बळ मुलाला सांभाळून घेणे हा तिचा हेतू नव्हता. ज्याचा उपयोग नाही त्याला तिथे जागाही नव्हती. मुलींसाठी तर तिची दारे जवळजवळ बंदच होती. मात्र तिथे घडलेले स्वार केवळ हुकमाचे ताबेदार नव्हते. जून १८५७ मध्ये औरंगाबाद छावणीतील हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळात बंडाची ठिणगी पडली, ती आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार या बातमीने. पकडलेल्यांना मृत्युदंड झाले. क्रांती चौकातील काळा चबुतरा ही त्याची आठवण.

८/ पुढे शिक्षण म्हणजे प्रामुख्याने पाटी, पुस्तक आणि परीक्षा असे समीकरण रुजले. त्यात न बसणाऱ्या मुलांसाठी 'ढ' हे एकच अक्षर पुरेसे ठरले. १८८७ मध्ये श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी 'डिसलेक्सिया' हा शब्द वापरला. योगायोग असा की, प्राण्यांच्या डोळ्यांचा तौलनिक अभ्यास हाही त्यांचा विषय होता आणि त्यात घोडाही होता. १८९६ मध्ये इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या एका हुशार मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याला शब्द वाचताच येत नसत. पण शिक्षण सारे तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत पुढे असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

९/ घोडा पुन्हा शिक्षक म्हणून आला तो विसाव्या शतकात. पोलिओने पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये अपंगांच्या अश्वारोहणासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे तिथे शिकण्यात अडचणी असलेल्या तरुणांसाठी निवासी अभ्यासक्रमही आले. तबेल्यातच राहायचे; खाद्य मोजताना वजने, वेळापत्रक पाळताना घड्याळ आणि जोडीने काम करताना संवाद शिकायचा.

१०/ घोडा यात का उपयोगी पडतो? तो भित्रा, सावध प्राणी आहे. स्वाराची घाई, भीती, हाताचा ताण त्याला तत्काळ जाणवतो आणि त्याचा प्रतिसादही तत्काळ मिळतो. चूक लाल शाईत आठवड्याने परत येत नाही. ती त्याच क्षणी कळते व त्याच क्षणी सुधारता येते. अर्थात, घोडा डिसलेक्सिया 'बरा' करत नाही. वाचन शिकवायला पद्धतशीर, धीराचे अध्यापनच लागते. घोडा देतो तो 'मला जमते' हा अनुभव.

११/ आपल्याकडे १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेख नव्हता. तरीही १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत अधिकृत सवलती देण्यात महाराष्ट्राने देशात पुढाकार घेतला. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत तिचा समावेश केला. मॉर्गन यांच्या नोंदीपासून महाराष्ट्राच्या निर्णयापर्यंत बरोबर शंभर वर्षे गेली.

१२/ आज परीक्षेत लेखनिक घेऊन बसणाऱ्या मुलाकडे वर्गातले काही जण संशयाने पाहतात : उत्तर याचे की लिहिणाऱ्याचे? पागेतला स्वार रपेटीवर जाई आणि त्याचा हिशेब कारकून लिही. त्याला कुणी सवलत म्हणत नसे. ती कामाची वाटणी होती. धागा समाप्त.