दोनदा रद्द झालेला प्राप्तिकर

प्राप्तिकर समूळ रद्द करावा, ही कल्पना मराठी वाचकांना अपरिचित नाही. अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’ प्रस्तावात आयात शुल्क सोडून बाकीचे सर्व कर काढून बँक व्यवहारांवर एकच कर आकारावा, असे सुचवले आहे. त्यावरच्या वादात एक गोष्ट सहसा कोणी काढत नाही. भारतात प्राप्तिकर यापूर्वी खरोखरच गेलेला आहे, आणि तोही दोनदा: १८६५ साली आणि १८७३ साली.

तो आला कशासाठी, हे वाशिंदच्या स्थानकावरून नीट दिसते. १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याणपुढचा लोहमार्ग वाशिंदपर्यंत खुला झाला. १८६० मध्ये तो आसनगावला पोहोचला. हा मार्ग बांधणाऱ्या जी.आय.पी. कंपनीला सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला, तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा! त्यातच १८५७ चा उठाव मोडण्याच्या खर्चाने कर्ज वाढले.

तिजोरी सावरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन आला. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याने कलकत्त्यात प्राप्तिकराचा प्रस्ताव मांडला आणि २४ जुलैला कायदा झाला. वर्षाला २०० रुपयांपर्यंत सूट, ५०० पर्यंत २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. शेतीचे उत्पन्नही या कायद्याच्या कक्षेत होते, हे आज वाचताना नवल वाटते. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने कराला उघड विरोध केला आणि त्यापायी पद गमावले. विल्सन स्वतः ऑगस्टमध्येच आजारपणाने वारला. कायद्याची मुदत पाच वर्षांची होती. १८६५ मध्ये ती संपली आणि कर थांबला.

१८६९ मध्ये तो परतला. तूट वाढताच लॉर्ड मेयोच्या सरकारने दर ३ टक्क्यांच्या वर नेला, तेव्हा गोरे अधिकारी आणि देशी सावकार एकाच सुरात ओरडू लागले. १८७३ मध्ये लॉर्ड नॉर्थब्रुकने कर रद्द केला. वसुलीतला जुलूम हे त्याने दिलेले कारण खोटे नव्हते. परंतु शेवटच्या वर्षी १,००० रुपयांखालचे उत्पन्न आधीच करमुक्त होते आणि दर जेमतेम १ टक्क्याच्या आसपास होता. म्हणजे सुटका झाली ती मूठभर धनिकांची.

पुढची तीन वर्षे हा निर्णय फारसा कोणाला खटकला नाही. मग १८७६-७८ चा दुष्काळ आला. दख्खन होरपळत होते आणि दुष्काळ-निवारणासाठी सरकारला पैसा हवा होता. श्रीमंतांवरचा कर हाताशी उरला नव्हता. अर्थसदस्य जॉन स्ट्रॅची याने मुंबई इलाख्यातील मिठाचा कर मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर नेला, तोही दुष्काळ सरलेला नसताना. (तो मण सुमारे ३७ किलोंचा.) ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिठागरे होती, मीठ पिकवायला मणामागे काही आणेच लागत. शहापूर-मुरबाडच्या रानातल्या कातकऱ्याने प्राप्तिकर कधी भरला नव्हता, पण मीठ त्याला घ्यावेच लागे. १८७८ मध्ये व्यापारी आणि कारागिरांवर परवाना-कर बसला. सरकारी अधिकारी व वकील त्यातून सुटले. सुरतेत त्यावरून दंगल झाली.

ब्रह्मदेशची लढाई, अफगाण सरहद्दीवरची रशियाची भीती आणि रुपयाची घसरण यांनी मिळून १८८६ मध्ये प्राप्तिकर पुन्हा आणला. या वेळी अधिकारी आत आले, शेती बाहेर राहिली. शेतीला केंद्रीय प्राप्तिकरातून आजही मिळणारी सूट तिथून सुरू होते.

मराठी माणसाने या प्रश्नाला दिलेले सर्वांत नेमके उत्तर १९०२ मधले आहे. वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे लोक सुखी आहेत, हा सरकारी दावा आकड्यांनिशी खोडून काढला. प्राप्तिकर काढून टाका, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी मागितले ते करमुक्त मर्यादा वाढवणे आणि मिठाचा कर उतरवणे. पुढच्याच वर्षी मर्यादा ५०० वरून १,००० रुपये झाली आणि मिठाचा कर मणामागे २ रुपयांवर आला. १९०७ मध्ये तो १ रुपया झाला. प्राप्तिकर जागच्या जागी राहिला.