आधी लिहिलं, मग ऐकवलं

गोंदियात बसून रॉक संगीताचा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. म्हणून आपण अलाहाबादपासून सुरुवात करू. १९९३ साली अमित सैगल आणि शेना गामट यांनी तिथून 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, गंगा-यमुनेकाठचं शहर!

सैगल स्वतः बँडमध्ये राहिलेले. गावोगावचे बँड एकमेकांना या अंकातून कळू लागले. पण गाण्यावर कितीही लिहा, दुकानात त्याची कॅसेटच नसेल तर वाचकाने करायचं काय? मग अंकवाल्यांनीच 'ग्रेट इंडियन रॉक' महोत्सव भरवला आणि त्याच नावाने बँडच्या गाण्यांचे संग्रह काढले. समीक्षकाला प्रकाशक व्हावं लागलं.

अमेरिकेतही हेच झालं. लॉस एंजेलिसचा ब्रायन स्लॅगेल हेवी मेटलवर हौशी अंक काढायचा. १९८२ मध्ये त्याने 'मेटल मॅसॅकर' हा संग्रह आणला. त्यात तेव्हा कुणाला फारसा ठाऊक नसलेला मेटालिका बँड होता. त्या संग्रहापासूनच 'मेटल ब्लेड' ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली.

सैगल जानेवारी २०१२ मध्ये गोव्याच्या समुद्रात बुडून गेले. अंक आणि संग्रह मात्र मागे राहिले.

आता आपल्याकडे या. झाडीपट्टीतली दंडार आपण रात्र-रात्र जागून पाहतो. पण तिच्यावर आपण लिहिलं किती, आवाज जपले किती? गाणारा गेला की चालही जाते. मुंबईची वाट कशाला पाहायची? आधी वही काढू, मग रेकॉर्डर.