धोट्यातले सूत आणि विलायती कापडाची होळी

बाबू गेनूच्या स्मृतिदिनी मी वर्गात स्वदेशीच्या चळवळीवर बोलत होतो. बदलापूरच्या शिरगावातून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचा पणजा आणि आजा दोघेही मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात राबलेले. त्याने विचारले, "सर, तेव्हा आपले लोक कुठे होते?"

बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे तो आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. वय अवघे २२. या मरणापुढे मी नतमस्तक आहे, हे आधीच सांगून ठेवतो; नाहीतर आमच्या लिखाणावर देशद्रोहाचा शिक्का मारायला काही मंडळी टपलेलीच असतात.

पण विलायती कापड नाकारल्यावर बाजारात जे देशी कापड खपणार होते, ते विणले कुठे जात होते? मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या गिरण्यांत. गांधीजींनी ३१ जुलै १९२१ ला परळमध्ये विलायती कापडाची पहिली मोठी होळी पेटवली, तीही एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात. त्या गिरण्यांच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. महाराच्या तोंडाची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? म्हणून जास्त मजुरीचे विणाई खाते त्यांचे आणि रिंग खाते आमचे. म्हणजे सूत आमच्या हाताचे चाले, ओठाचे चालत नसे! १९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी पुढाऱ्यांना यादीत घालायला लावली. ती त्यांनी नाखुशीनेच घातली. मालकांनी उलट ऐकवले की हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही. दुर्दैवाने या एका बाबतीत मालक खोटे बोलत नव्हते.

आता होळीकडे वळू. जाळायला आधी अंगावर कापड लागते. ज्यांच्या बायकांनी लुगडे घोट्यापर्यंत नेसणेसुद्धा गावाला खपत नव्हते, त्यांनी कोणते कापड जाळायचे? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची जुनी तऱ्हा टाकायला सांगितले आणि तिथल्या तिथे बायांनी ती टाकली. त्याच परिषदेत, २५ डिसेंबरला, मनुस्मृती जाळली गेली. पोथी जाळून काय मिळवले, असे विचारणाऱ्यांना 'बहिष्कृत भारता'तून उत्तर देताना बाबासाहेबांनी विलायती कापडाच्या होळीचाच दाखला दिला. प्रस्थापित इतिहासकार या दोन होळ्या कधी एका पानावर आणत नाहीत. निषेधाची रीत तीच होती. पहिली होळी मँचेस्टरला झोंबली, दुसरी शेजारच्या आळीला.

बहिष्काराची धग आम्हाला नवी नव्हती, कारण आम्ही स्वतःच बहिष्कृत होतो. ज्या १९३० साली बाबू गेनू गेला, त्याच साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवाल आला. बाबासाहेब या समितीचे सभासद होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव काय करते, हे त्यात नोंदलेले आहे: कसायला दिलेली जमीन काढून घेणे, काम बंद करणे, वाट अडवणे, वाण्याने जिन्नस देणे थांबवणे. सामान्य माणूस साम्राज्यापुढे जो बहिष्कार उगारतो तो शस्त्र असतो; सबंध गाव दहा घरांवर उगारते तेव्हा तो गळफास होतो. शब्द एकच असल्यामुळे पुष्कळांची गल्लत होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी तरतूद मांडली. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडले, आणि अंमल २०१७ पासून.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला एका तासात सांगू शकलो नाही. धोट्याचे तेवढे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, घरी आजाला विचारले. आजाने एवढेच सांगितले की आपला बाप साच्यावर काम करायचे म्हणून तीनदा जॉबरकडे गेला होता.