कसूर कुणाचा?

मराठी आणि उर्दू शिकवताना काही शब्द दोन्हीकडे भेटतात. ‘कसूर’ हा त्यातलाच. उर्दूत तो बहुधा दोष, अपराध या अर्थाने येतो. अरबीत त्याच्या मुळाशी ‘कमी पडणे’ हा अर्थ आहे आणि आपल्या ‘कर्तव्यात कसूर’मध्ये तो अजून टिकून आहे. भोपाळचा इतिहास वाचताना हे दोन अर्थ वेगळे धरावेत, असे मला वाटते.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ई-610 या टाकीत सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट होते. त्यात पाणी शिरले, उष्णता वाढली आणि मध्यरात्रीनंतर विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हजारो माणसे गेली. कामगारांचे म्हणणे असे की, त्या रात्री पाइप धुतले जात होते आणि पाणी पुढे जाऊ नये म्हणून बसवायची चकती बसवलेलीच नव्हती. कंपनी म्हणाली, एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले. साडेअकराच्या सुमारास डोळे चुरचुरू लागले, तेव्हा ‘चहानंतर बघू’ असे ठरले, हेही खरे.

एवढ्यावर थांबलो तर सगळा दोष रात्रपाळीवर येतो. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. खर्च वाचवायला त्या विभागातली माणसे 12 वरून 6 वर आणली होती आणि रात्रीच्या देखभाल पर्यवेक्षकाचे पदही काढून टाकले होते. लहान गळत्या नेहमीच्याच झाल्या होत्या. म्हणून चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी कुणी दचकले नाही.

इशारे मिळाले नव्हते असेही नाही. 1981 च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला. 1982 मध्ये पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ साप्ताहिकातून शहराला सावध केले. कारखाना तसाच चालू राहिला.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1990 च्या ‘ह्यूमन एरर’ या पुस्तकात भोपाळचाही अभ्यास केला. यंत्राजवळच्या माणसाची चूक लगेच दिसते; कचेरीत बसून घेतलेल्या निर्णयांतले दोष मात्र वर्षानुवर्षे दबून राहतात, असे ते सांगतात. माणूस थकतो, विसरतो, चहाला जातो. हे गृहीत धरूनच कारखाना उभारायचा असतो. एकाची चूक दुसऱ्या, तिसऱ्या अडसराने थांबली पाहिजे. भोपाळमध्ये ते अडसर आधीच निकामी झाले होते.

2010 मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. कंपनीचे अमेरिकी अध्यक्ष वॉरन अँडरसन खटल्यासाठी कधीच आले नाहीत.

आजही कुठे स्फोट झाला की ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ अशी बातमी येते. ती वाचताना आपण एवढे तरी विचारावे: त्याची चूक अडवायला तिथे काय ठेवले होते, आणि ते कुणी बंद केले?